बाबांच्या कानाखाली गाठ आहे, पॅरोटिडचं (कानाजवळच्या लाळग्रंथीचं) ऑपरेशन सांगितलंय, पण बाबा सनई वाजवतात

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. माझे बाबा ५८ वर्षांचे, मिरजेजवळ गावी असतात, सनई वाजवतात. आमच्याकडे हे पिढीजात आहे, आजोबा देवळाच्या नगारखान्यात वाजवायचे, बाबा आता लग्नं, मुंजी, वास्तुशांती असं सगळंच घेतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, आणि बाबांचं एकच, की वाजवताना गाल फुगतात त्यामुळे हवा भरलीय, आमच्यात होतं असं. त्यांच्या एका साथीदाराचा गाल खरंच लग्न वाजवून आल्यावर सुजायचा त्यामुळे सगळ्यांना ते पटलं पण. आता ती गाठ लिंबाएवढी झालीय, दाढी करताना ब्लेड अडकतं, मफलर गुंडाळून फिरतात.

शेवटी मी हट्टाने नेलं. सोनोग्राफी, मग सुई घालून तपासणी, मग एमआरआय. रिपोर्टमध्ये प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा आलंय, साईज ३.१ बाय २.४ सेंमी, वरच्या लोबमध्ये (म्हणजे ग्रंथीच्या कातडीकडच्या भागात) आहे असं लिहिलंय. कॅन्सर नाही म्हणाले. पण ऑपरेशन करून घ्याच म्हणाले, आणि त्या गाठीच्या खालूनच चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. बाबांनी संमतीच्या फॉर्मवर ‘चेहऱ्याचा लकवा’ हे शब्द वाचले आणि सरळ चपला घालून बाहेर येऊन बसले.

मग आम्ही अजून एका ठिकाणी दाखवलं. तिथे म्हणाले एवढं काही नसतं, तेवढ्यापुरती भूल देतो, छोटा छेद घेऊन गाठ तेवढी सोलून काढतो, अर्ध्या तासात चालत घरी जाल. घरात सगळ्यांना आता हेच बरं वाटतंय.

सनईची पत्ती ओठात धरावी लागते, ओठ एका बाजूने जरा जरी ढिला पडला की तिथून हवा निसटते आणि सूर गेलाच. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सुपाऱ्या घेतलेल्या आहेत. आत्ता श्रावण संपत आलाय. ऑपरेशन आत्ता करावं, की सीझन काढून जूनमध्ये करावं, की करूच नये? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

आबा_सातारकर

पोरी, दुखत नाही खुपत नाही तर कशाला चिरफाड करताय. आमच्या शेजारच्याच्या मानेवर १५ वर्षं गाठ आहे, माणूस ठणठणीत आहे. गाठीला हात लावला की ती चिडते असं जुने लोक म्हणायचे ते काही उगाच नाही. आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावून बघा दोन महिने, फरक पडतो.

नाशिकची_नीलू

आबा माफ करा पण मीही लेप लावला होता. चांगला सहा महिने. गाल पिवळा झाला, गाठ होती तिथेच होती, उलट वाढली.

ताई, माझं हेच ऑपरेशन झालंय, चार वर्षं झाली, डावीकडे, तेव्हा मी ४१ ची होते. सगळं सांगते म्हणजे तुला अंदाज येईल. छेद कानाच्या पुढून सुरू होतो, पाळीला वळसा घालून मागे जातो आणि मग मानेच्या सुरकुतीत उतरतो, आळशी माणसाने काढलेल्या एस सारखा. ऐकायला भयानक वाटतं पण आज माझी खूण कोणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. ऑपरेशन तीन तास चाललं. एक नळी बाहेर काढलेली असते, ती तिसऱ्या दिवशी काढली. दुखलं फार नाही, खरंच.

पण शुद्धीवर आल्या आल्या डॉक्टर म्हणाले डोळे घट्ट मिटा, भुवया वर करा, दात दाखवा. डोळे मिटले, भुवया वर गेल्या, दात दाखवले आणि माझ्या नवऱ्याचा चेहराच पडला. माझा खालचा ओठ डावीकडे खाली येतच नव्हता, त्यामुळे हसले की तोंड तिरकं. मी आरसा बघायचा सोडून दिला होता. चहा पिताना कपडे ओले व्हायचे, गुळण्या करताना पाणी कोपऱ्यातून. भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोत मी प्रत्येक ठिकाणी तोंड मिटून उभी आहे, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. सहाव्या आठवड्यापासून हळूहळू हलायला लागला आणि साधारण चौथ्या महिन्यात एके दिवशी दात घासताना लक्षात आलं की अरेच्चा, दोन्हीकडे सारखं झालंय.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक म्हणजे कानाची पाळी अजून बधिर आहे, कानातलं घालताना मळसूत्र नीट बसलंय का ते हाताला कळतं, कानाला कळत नाही, एक कुडी अशीच हरवली. आणि दुसरी गंमत अशी की कैरीचं लोणचं खाल्लं की माझ्या डाव्या गालाला घाम येतो. नुसतं ताट समोर आलं तरी कधी कधी. आधी वाटलं लाळ गळतेय का काय. डॉक्टर म्हणाले होतं असं.

घसा_बसलेला_डॉक्टर

मी कान-नाक-घसा सर्जन आहे, या गाठी नेहमीच्या कामातल्या आहेत, पण मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

आधी हवेचं बोलू कारण तुमचे बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. लाळेची नळी गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. फुंकवाद्य वाजवणारे, काच फुंकून भांडी करणारे, यांच्या तोंडात दाब वाढला की कधी कधी त्या नळीतून हवा उलटी ग्रंथीत शिरते आणि गाल सुजतो. त्या साथीदाराला तेच होत असणार. पण ती सूज मऊ असते, दाबली की बोटाखाली चरचरते, आणि काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत उतरते. तीन वर्षं न उतरणारी, हळूहळू वाढणारी टणक गाठ म्हणजे हवा नाही, आणि सनईमुळे ती झालेली पण नाही. बाबांना एवढं नक्की सांगा, त्यांच्या मनात कुठेतरी ते असणार.

आता काढायची का. पॅरोटिडच्या १० गाठींपैकी साधारण ८ साध्या असतात आणि त्यातली सगळ्यात जास्त दिसणारी हीच, प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. साधी असली तरी ती स्वतःहून जात नाही, वाढतच राहते, आणि वर्षानुवर्षं ठेवली तर त्यातल्या काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. म्हणून ५८ व्या वर्षी, माणूस धडधाकट असताना काढा म्हणतात. आबा, शेजाऱ्यांची गाठ कदाचित चरबीची असेल, मानेवर ती कॉमन असते, तिचं आणि हिचं नातं नाही. आणि एक खूण सगळ्यांसाठीच सांगून ठेवतो, कानाखाली गाठ आहे आणि ऑपरेशनच्या आधीच चेहरा त्या बाजूने कमजोर व्हायला लागला, तर ती गाठ साधी नसण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा एक दिवस पण थांबू नये.

नस कुठे असते ते सांगतो. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी ही सातवी. कानाच्या मागच्या हाडातल्या एका बारीक भोकातून बाहेर पडते आणि लगेच लाळग्रंथीत शिरते. तिथे तिचं खोड मॅगीच्या शेवईएवढं असतं, दोनेक मिलिमीटर. मग दोन फांद्या, आणि त्यांच्या पुढे पाच: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. काढायची गाठ या फांद्यांच्या वर बसलेली असते. म्हणून आम्ही आधी गाठीला हातच लावत नाही, आधी खोड शोधतो, मग एकेक फांदी मोकळी करत करत वरचा भाग गाठीसकट उचलतो. तीन तास त्यातच जातात.

अर्ध्या तासात सोलून देतो म्हणाले ना, माझा आक्षेप तिथे आहे. या गाठीचं आवरण सलग नसतं, त्याला बाहेरच्या बाजूला बारीक बारीक कोंब असतात. संत्र्यासारखी सोलून काढली की ते कोंब मागे राहतात, किंवा गाठ फुटते आणि आतला चिकट गर तिथेच सांडतो. मग १०-१५ वर्षांनी एक नाही, द्राक्षाच्या घडासारख्या पाचसहा गाठी येतात, आणि त्या वेळच्या ऑपरेशनमध्ये सगळीकडे जुने व्रण असल्यामुळे नसेला खरा धोका असतो. असे पेशंट मी बघितलेत. निवडक लहान गाठींमध्ये भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट तेवढीच गाठ काढायची एक पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण ती पूर्ण भूल देऊन, नस सांभाळत करायची गोष्ट आहे, ती म्हणजे हे सोलणं नव्हे.

आणि सनई. नीलूताईंचा जो ओठ गेला होता ती खालच्या ओठाची फांदी, तिला आणि कपाळाच्या फांदीला शेजारणींशी जोड फार कमी असतात, त्यामुळे हीच जास्त वेळा रुसते. गालाच्या फांद्यांचं मात्र आपसात जाळं असतं, एक दुखावली तरी दुसरी काम भागवते. ओठ आवळून धरणं आणि गालात दाब टिकवणं हे बरंचसं या गालाच्या फांद्यांकडे आहे. म्हणजे तुमच्या बाबांना ज्याची गरज आहे तो भाग त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. पहिलंच ऑपरेशन, साधी गाठ, वरचा भाग, अशा वेळी तात्पुरती कमजोरी अंदाजे २० ते ४० टक्के लोकांना येते, आणि ती बहुतेकांची काही आठवडे ते सहा महिन्यांत जाते. कायमची राहणारे ५ टक्क्यांच्या आत. शून्य टक्के कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे करू नका.

सर्जनना सरळ विचारा, वर्षाला अशी किती करता, नसेचा मॉनिटर वापरता का. तो असेल तर नसेजवळ गेलं की मशीन टकटक करतं, आणि मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही स्नायू ढिले करणारं औषध बेताने वापरावं लागतं नाहीतर मशीन मुकं होतं. पण मॉनिटर नाही म्हणून वाईट सर्जन असं मुळीच नाही, नस शेवटी डोळ्यांनीच शोधायची असते. आणि बाबा सनई वाजवतात हे सर्जनना आवर्जून सांगा. आम्हाला कोणी सांगतच नाही हो. पेशंट काय काम करतो, तर केसपेपरवर ‘शेती’.

कृष्णाकाठची

डॉक्टर, केसपेपरवर खरंच ‘शेती’ लिहिलंय. 😅 नीलूताई, खूप खूप आभार, बाबांना वाचून दाखवलं, लोणच्याच्या घामाला हसले, गेल्या महिनाभरात पहिल्यांदा.

मग सोलण्याचं रद्द. पण जून की आत्ता? आणि ऑपरेशननंतर फुंकायला कधी परवानगी मिळते?

घसा_बसलेला_डॉक्टर

इतकी वर्षं थांबलीय तर काही महिन्यांनी आभाळ कोसळत नाही, पण सीझनभर ती अजून वाढणार आणि जूनला पुन्हा काहीतरी निघणार, मला माणसं माहीत आहेत. गणपती झाले की करून टाका. उरलेल्या ग्रंथीच्या कापलेल्या भागातून सुरुवातीला लाळ झिरपते, कातडीखाली साचू शकते, त्यात वरून फुंकण्याचा दाब नको. मी माझ्या पेशंटला सहा आठवडे तरी सनईला हात लावू देणार नाही, तुमचे सर्जन सांगतील ते अंतिम. तुळशीच्या लग्नाच्या पहिल्या सुपाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटा, ॲडमिट झाल्यावर नाही.

जाता जाता, नीलूताईंच्या घामाबद्दल. लाळग्रंथीकडे जाणारे बारीक तंतू कापले गेले की परत वाढताना रस्ता चुकतात आणि घामाच्या ग्रंथींना जाऊन चिकटतात. मेंदू म्हणतो लाळ सोड, गाल सोडतो घाम. १९२३ मध्ये लुसिया फ्रे नावाच्या पोलिश डॉक्टरीणबाईंनी गोळी लागलेल्या एका सैनिकात हे नीट उलगडून लिहिलं, म्हणून त्याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. बाई ज्यू होत्या, १९४२ मध्ये ल्वुफ शहरातल्या घेट्टोमध्ये, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, त्यांचा मृत्यू झाला. नीलूताई, त्रासच व्हायला लागला तर त्या जागी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, काही महिने आराम पडतो.

नाशिकची_नीलू

बोटॉक्स नको डॉक्टर, लोणचं कमी करते. म्हणजे करणार नाही, पण म्हणते.

बिनकामाचा_बंड्या

विषय थोडा वेगळा पण तोंड वाकडं म्हणून लिहितोय. माझं कुठलंही ऑपरेशन नाही, एके दिवशी सकाळी उठलो तर चूळ भरताना पाणी बाहेर आणि उजवा डोळा मिटेना. बाईकवरून रात्री आलो होतो, सगळे म्हणाले वारं लागलं. जवळच्या एकाने व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली आणि कोणी तरी कबुतराच्या रक्ताचं मालिश सांगितलं (केलं नाही, आई शपथ). सहाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे पोचलो तर ते म्हणाले बेल्स पाल्सी आहे, पण पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. बरा झालो ९० टक्के, पण अजून हसलो की उजवा डोळा आपोआप बारीक होतो, लोकांना वाटतं डोळा मारतोय, बसमध्ये एकदा भांडण होता होता राहिलं.

घसा_बसलेला_डॉक्टर

बंड्या, विषय वेगळा नाही, नस तीच. फरक एवढाच की तुझी नस हाडाच्या बोगद्यातच सुजली. स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर पूर्ण बरं होण्याचं प्रमाण नक्की वाढतं, त्यानंतर तेवढा उपयोग नाही. आणि सगळ्यांनी एक बघायला शिका, कपाळाला आठ्या घालायला सांगा. बेल्समध्ये त्या बाजूचं कपाळ पण गुळगुळीत राहतं. कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतायत, पण तोंड वाकडं झालंय, हात जड वाटतोय, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका समजून लगेच मोठं हॉस्पिटल गाठा, नक्की कळत नसेल तरीही. कानात पुरळ आणि जबरदस्त ठणका असेल तर ते नागिणीचं असतं, तिथेही घाई करा. आणि डोळा. डोळा मिटत नसेल तर दिवसा ड्रॉप, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, तोंड वाकडं राहिलं तर चालतं, बुबुळाला जखम झाली तर चालत नाही.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दोन ओळी. बंड्याला जे होतं त्याला आम्ही सिंकायनेसिस म्हणतो, तंतू चुकीच्या स्नायूत गेलेले असतात. आणि ते वाढायला लोकांचा अतिउत्साह हातभार लावतो असा माझा अनुभव आहे, दिवसातून दहा वेळा फुगे फुगव, च्युइंग गम चघळ, करंट लाव. नसेला परत यायला वेळ लागतो, तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तिच्यावर ओरडून ती पळत येत नाही. आरशासमोर बसायचं, दोन्ही बाजू सारख्या हलतील एवढंच हळू हसायचं, डोळा बारीक व्हायला लागला की थांबायचं, पाच मिनिटं, दिवसातून दोनतीनदा. बाबांना फुगे मुळीच देऊ नका. सनईवाला माणूस, फुग्यात जोर काढेल.

कृष्णाकाठची

(अपडेट)

उशीर झाला लिहायला, दिवाळीच्या गडबडीत होते. अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याने ऑपरेशन झालं, आज सात आठवडे होतायत. पहिल्याच डॉक्टरांकडे केलं. त्यांना सनईचं सांगितलं तर त्यांनी बाबांना सनई घेऊन यायला लावलं, ओपीडीत, आणि ओठ कसा धरता ते मोबाईलवर शूट करून घेतलं. बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं आत कोणाचं लग्न लागतंय.

साडेतीन तास लागले. नळी चौथ्या दिवशी काढली. बायोप्सीचा रिपोर्ट तोच आलाय, साधी गाठ, कडा मोकळ्या (म्हणजे कापलेल्या कडांना गाठीचा अंश नाही). डोळा पहिल्या दिवसापासून नीट. खालचा ओठ उजवीकडे नीलूताईंसारखाच रुसला, दात दाखवले की कळतं, मिटलेलं तोंड सरळ आहे. पाळी बधिर, दाढी करताना दोनदा कापून घेतलं आणि कळलंच नाही, आता ट्रिमर आणून दिलाय.

पाचव्या आठवड्यात मला फसवून गोठ्यात जाऊन वाजवत होते, म्हशी साक्षीला होत्या. आईने पकडलं. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी रीतसर परवानगी दिली, दिवसाला दहा मिनिटं. पत्ती धरता येते, हवा निसटत नाही, पण लांब सूर पाचसहा मिनिटांतच थकतो आणि उजवा कोपरा थरथरायला लागतो. पहिल्या चार सुपाऱ्या चुलतभावाला दिल्यात, बाबा त्याच्याबरोबर जाऊन नुसता सूर धरून बसणार म्हणतायत, मुख्य सनई तो वाजवेल. त्यावरूनही घरात वाद आहे, कारण त्यांचं म्हणणं असं की तो भूप बेसूर लावतो.

डॉक्टर, फॉलोअपला किती वर्षं यायचं असतं?

घसा_बसलेला_डॉक्टर

वा, छान. सुरुवातीला तीन-चार महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि ते दहा वर्षं तरी सोडू नका, ही गाठ परत आली तर फार उशिरा येते. थकलेला ओठ थरथरतोय म्हणजे तंतू पोचतायत. सूर धरून बसायला हरकत नाही, पण सूर धरणाऱ्याला मध्ये दम घ्यायला मिळत नाही हे मला कालच एका पेशंटने सांगितलं, तेव्हा बाबांनाच विचारा की ते काम सोपं आहे का खरंच.

कृष्णाकाठची

विचारलं. म्हणाले, “डॉक्टरला कसं कळलं?”